करुण नायर गेला, जितेश गेला. मग विदर्भाची पुढची टीम कुठून येणार?

२ मार्च २०२५. नागपूरच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. विदर्भाचे नऊ गडी बाद झाले होते, पण त्याची चिंता कुणालाच नव्हती. पहिल्या डावातली आघाडी खिशात होती, सामना अनिर्णित राहिला तरी करंडक विदर्भाचाच होता. खेळ लांबला होता तो खाली खेळायला आलेल्या एका गोलंदाजाचं अर्धशतक व्हावं म्हणून. त्याच्या ५१ धावा झाल्या, धावफलकावर ९ बाद ३७५ लागले आणि दोन्ही संघांनी हात मिळवले. विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला.

तो गोलंदाज म्हणजे वर्ध्याचा दर्शन नळकांडे.

या सामन्याच्या बातम्यांमध्ये त्याचं नाव बऱ्याच खाली होतं, आणि ते साहजिक आहे. १५३ आणि ७३ धावा करणारा दानिश मालेवार सामनावीर ठरला. दुसऱ्या डावातलं करुण नायरचं शतक गाजलं. हर्ष दुबेनं एका मोसमात ६९ बळी घेऊन रणजीच्या इतिहासातला नवा विक्रम केला. पण विदर्भाच्या टीमचं पुढे काय होणार, हे समजून घ्यायचं असेल तर या तिघांइतकंच नळकांडेकडेही बघावं लागतं.

आत्ताच ही चर्चा का?

कारण २०२५-२६ च्या मोसमाआधी दोन मोठी नावं विदर्भ सोडून गेली. करुण नायर कर्नाटकात परतला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. १५ ऑक्टोबर २०२५ पासून नवा रणजी मोसम सुरू झाला आणि गतविजेता म्हणून विदर्भाकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

नायरचं जाणं किती मोठं, ते आकड्यांत बघा. २०२४-२५ च्या रणजीत त्याच्या ८६३ धावा. त्याच मोसमात विजय हजारे स्पर्धेत ७७९ धावा आणि पाच शतकं, तीही ३८९.५० च्या सरासरीनं. ही सरासरी छापण्यातली चूक नाही. बहुतेक डावांत त्याला कुणी बादच करू शकलं नाही. विदर्भ त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला आणि कर्नाटककडून ३६ धावांनी हरला. या कामगिरीवर नायरला आठ वर्षांनी भारताच्या कसोटी संघात पुन्हा जागा मिळाली.

असा माणूस गेल्यावर टीम खिळखिळी होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जामठ्यालाच इराणी करंडकाचा सामना झाला. समोर रजत पाटीदारच्या नेतृत्वाखालचा शेष भारत संघ. विदर्भाने तो ९३ धावांनी जिंकला. पहिल्या डावात अथर्व तायडेनं १४३ आणि यश राठोडनं ९१ धावा केल्या, शेवटच्या डावात हर्ष दुबेनं चार बळी घेतले. विदर्भ इराणी करंडक तीनदा खेळलाय आणि तिन्ही वेळा जिंकलाय.

म्हणजे नायरशिवायही टीम उभी राहते, हे दिसलं. एका सामन्यापुरतं तरी.

विदर्भाची वेगळी टीम का?

सोशल मीडियावर हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रातून रणजीत तीन संघ खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भ पूर्वी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा भाग होता, त्यामुळे इथल्या क्रिकेटची घडी वेगळी बसली. विदर्भ १९५७-५८ पासून स्वतःच्या नावानं रणजी खेळतोय. म्हणूनच विभागीय स्पर्धेत विदर्भाचे खेळाडू पश्चिम विभागाकडून न खेळता मध्य विभागाकडून, म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि रेल्वेच्या खेळाडूंबरोबर खेळतात.

पहिली साठेक वर्षं सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. बरीच वर्षं टीम खालच्या प्लेट गटात होती. विदर्भाशी सामना म्हणजे मोठ्या संघांसाठी हक्काचे गुण. या टीममधून भारतासाठी कसोटी खेळणारा पहिला खेळाडू उमेश यादव, आणि त्यासाठी २०११ साल उजाडावं लागलं.

मग २०१७-१८ आलं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली आणि अक्षय वाडकर नावाच्या नव्या यष्टिरक्षकानं १३३ धावा केल्या. पुढच्याच वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. २०२३-२४ ला अंतिम फेरीत मुंबईकडून हार आणि २०२४-२५ ला पुन्हा विजेतेपद. आठ वर्षांत चार अंतिम सामने.

आधीच्या आणि आत्ताच्या टीममध्ये फरक काय?

पहिल्या दोन विजेतेपदांचा कणा होता वसीम जाफर. मुंबईचा हा दिग्गज चाळिशीला आला असताना विदर्भाकडून खेळला आणि २०१८-१९ च्या मोसमात त्यानं १०३७ धावा केल्या. सोबत कर्नाटकचा गणेश सतीश होता. राज्य संघाला बाहेरचे ठरावीक संख्येचे खेळाडू घेता येतात. आधीच्या संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळालं की ते येतात, एक-दोन मोसम खेळतात, नंतर दुसरीकडे जातात. यात गैर काही नाही. ड्रेसिंग रूममध्ये जाफर असणं ही विशीतल्या पोरांसाठी शाळाच होती.

२०२४-२५ मध्येही नायर आणि दिल्लीहून आलेला ध्रुव शोरी होतेच. पण यावेळी धावा आणि बळींचा मोठा वाटा स्थानिक पोरांनी उचलला. संपूर्ण रणजीत सर्वाधिक धावा कुणाच्या? यश राठोडच्या, ९६० धावा आणि पाच शतकं. सर्वाधिक बळी? हर्ष दुबेचे. विदर्भ अख्ख्या मोसमात एकही सामना हरला नाही. प्रशिक्षकही घरचेच, विदर्भाचे माजी कर्णधार उस्मान घनी.

उपांत्य सामना आठवा. समोर अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे अशी नावं असलेली मुंबई. पार्थ रेखडे या डावखुऱ्या फिरकीपटूनं एकाच षटकात या तिघांनाही बाद केलं. दुसऱ्या डावात राठोडनं १५१ धावा केल्या, मग दुबेनं पाच बळी घेतले आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. आदल्याच वर्षी अंतिम फेरीत याच मुंबईनं विदर्भाला १६९ धावांनी हरवलं होतं.

कोण आहेत ही पोरं?

दानिश मालेवार विशीतला. त्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथम श्रेणीत पदार्पण केलं आणि त्याच मोसमाचा शेवट रणजी फायनलचा सामनावीर म्हणून केला. त्या सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तिथून त्यानं आणि नायरनं २१५ धावा जोडल्या. दुसऱ्या डावात २ बाद ७ असताना दोघांनी पुन्हा १८२ जोडल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप करंडकात त्यानं मध्य विभागाकडून द्विशतक ठोकलं.

यश राठोड डावखुरा फलंदाज. दुलीपच्या अंतिम सामन्यात त्याच्या १९४ धावा झाल्या आणि मध्य विभागानं ११ वर्षांनी तो करंडक जिंकला. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन तळाच्या फलंदाजांसोबत डाव लांबवणं ही त्याची खासियत. अशा खेळाडूचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत, त्यामुळे रणजीत सर्वाधिक धावा करूनही त्याला ओळखणारे नागपूरबाहेर कमीच.

अथर्व तायडे अकोल्याचा. त्याची गोष्ट थोडी निराळी. जानेवारी २०१८ मध्ये, मोठ्या टीमनं रणजी जिंकल्यावर काही दिवसांतच, १९ वर्षांखालच्या टीमनं कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध कर्णधार तायडेनं ३२० धावा केल्या होत्या. पुढे तो आयपीएलमध्येही खेळला. पण मार्च २०२५ च्या रणजी फायनलमध्ये त्याला वगळलं गेलं आणि फिरकीपटू रेखडेला सलामीला पाठवलं. रेखडे शून्यावर बाद झाला. तिसऱ्या क्रमांकावर कोण आलं? नळकांडे. तो एका धावेवर गेला. विदर्भानं तो डाव अखेर निभावून नेला म्हणून या प्रयोगाची फारशी चिरफाड झाली नाही. सात महिन्यांनी तायडेनं इराणी सामन्यात १४३ धावा करून सलामीला कोण, या प्रश्नाचं उत्तर आपल्या परीनं दिलंय.

आणि हर्ष दुबे. डावखुरा फिरकीपटू, फलंदाजीही करतो. ६९ बळींसोबत त्याच्या ४७६ धावा होत्या. याआधीचा ६८ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा. पण अमननं ते २०१८-१९ मध्ये प्लेट गटातल्या संघांविरुद्ध घेतले होते. दुबेनं तमिळनाडू, मुंबई, केरळ अशा संघांविरुद्ध घेतले. मे २०२५ मध्ये सनरायझर्स हैदराबादनं त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं, मग भारत 'अ' संघाच्या इंग्लंड दौऱ्यासाठीही त्याची निवड झाली.

मग चिंता कशाची?

एक म्हणजे हर्षचीच. एक टीम मोसमात दहा सामने खेळली तर प्रतिस्पर्ध्यांचे जास्तीत जास्त २०० गडी बाद करता येतात. त्यातले ६९ एकट्यानं घेतले, म्हणजे किमान एक तृतीयांश. बळींच्या यादीत विदर्भाचा दुसरा कुणी त्याच्या जवळपासही नव्हता. आता तो भारत 'अ' संघाच्या नजरेत आहे, उद्या कदाचित त्याच्याही वर जाईल. तो जितका मोठा होईल, तितका विदर्भाला कमी मिळेल. उमेश यादवच्या बाबतीत हे होऊन गेलंय. रेखडे आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

दुसरी चिंता जास्त गंभीर आहे, ती वेगवान गोलंदाजीची. २०१७-१८ मध्ये गुरबानीनं सहा सामन्यांत ३९ बळी घेतले होते आणि उपांत्य फेरीत कर्नाटकला पाच धावांनी हरवलं तेही त्याच्याच जोरावर. तो गुरबानी २०२४-२५ च्या मोसमात महाराष्ट्राकडून खेळला. उमेश पस्तिशीच्या पुढे गेलाय. उरले यश ठाकूर, नळकांडे, आदित्य ठाकरे, नचिकेत भुते. चौघेही चांगले. पण यांच्यातला कुणी एकहाती मोसम जिंकून देईल, असं आज तरी म्हणता येत नाही. जामठ्याच्या खेळपट्टीवर फिरकीनं भागतं. बाहेर गारठ्यात, हिरवळ असलेल्या खेळपट्टीवर भागत नाही.

आणि खेळाडू फक्त बाहेरून येतात असं नाही, इथूनही जातात. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटे २०२४-२५ च्या मोसमात केरळकडून खेळला. जामठ्यावरच्या फायनलमध्ये विदर्भाविरुद्ध केरळसाठी ७९ धावा करणारा तोच. केरळचा डाव ३४२ वर संपला, विदर्भाच्या ३७९ पेक्षा ३७ कमी. सरवटे आणि ९८ वर बाद झालेला सचिन बेबी अजून तासभर टिकले असते तर करंडक केरळला गेला असता. अर्थात सरवटे गेल्यानेच डावखुऱ्या फिरकीची मुख्य जागा हर्षसाठी मोकळी झाली, हेही खरं.

पैसा किती मिळतो?

रणजी खेळणं आज पूर्णवेळ नोकरी आहे. २०२१ मध्ये बीसीसीआयनं ठरवलेल्या दरानुसार ज्याचे प्रथम श्रेणीचे २० पर्यंत सामने झालेत, त्याला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. २१ ते ४० सामने झालेल्याला ५० हजार आणि त्याहून अनुभवी खेळाडूला ६० हजार. राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. सात साखळी सामने चार दिवसांचे आणि बाद फेरीचे तीन सामने पाच दिवसांचे धरले तर ४३ दिवस होतात. म्हणजे पहिल्यांदाच खेळणारा पोरगा सगळे सामने खेळला आणि टीम फायनलपर्यंत गेली, तर १७ लाख २० हजार.

वाईट नाही. पण शुभम दुबेला राजस्थान रॉयल्सनं डिसेंबर २०२३ च्या लिलावात ५ कोटी ८० लाखांना घेतलं. जितेशला बंगळुरूनं ११ कोटींना. दोघांनीही ही कमाई केली ती वीस षटकांच्या खेळावर. कसोटीसारखं क्रिकेट खेळून दुबेसारखे ६९ बळी घेणारा हर्ष मात्र आयपीएलमध्ये बदली म्हणून गेला. सतरा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या बापाला हे गणित चटकन कळतं. लांब डाव खेळणारे फलंदाज आणि दिवसाला २० षटकं टाकणारे गोलंदाज यापुढे कुठून मिळणार, हा प्रश्न फक्त विदर्भाचा नाही. पण विदर्भाचं नाव तर लाल चेंडूवरच झालंय.

यात वर्धा कुठे बसतं?

वर्ध्याहून नागपूरला निघालं की सेलू, केळझर, बुटीबोरी आणि मग जामठा. विदर्भातलं सगळ्यात मोठं मैदान वर्धा रोडवरच आहे, नागपूर शहराच्याही अलीकडे. तरी वर्ध्याच्या पोराचा तिथवरचा रस्ता सरळ नसतो.

विदर्भ क्रिकेट संघटनेच्या हद्दीत अकरा जिल्हे येतात. जिल्ह्याच्या टीममध्ये निवड, मग आंतरजिल्हा सामने, मग वयोगटाच्या विदर्भ टीमच्या निवड चाचण्या, अशी ही शिडी. १६ वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ खाली कूचबिहार, २३ खाली कर्नल सी. के. नायडू करंडक. (हे नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, जन्मानं नागपूरचे.) पण खेळाडू घडतो तो या चाचण्यांच्या मधल्या काळात, रोजच्या सरावात आणि नागपूरच्या गुझदर लीगसारख्या क्लब सामन्यांत. इथंच अडतं. आर्वी किंवा हिंगणघाटचा पोरगा टेनिस बॉलच्या रोख बक्षिसांच्या सामन्यांत नाव काढतो. लेदर बॉलवर येतो तेव्हा बहुतेक वेळा सिमेंटच्या विकेटवर किंवा मॅटवर. तिथे चेंडू उसळतो, पण टप्पा पडल्यावर तो सीमवर किती हलतो आणि चौथ्या दिवशी किती खाली राहतो, हे टर्फशिवाय कळत नाही. टर्फची विकेट राखायची म्हणजे रोलर हवा, रोजचं पाणी हवं, जाणता माळी हवा. पंचेचाळीस अंशाच्या उन्हाळ्यात वर्ध्यात हे करणं सोपं नाही, स्वस्त तर मुळीच नाही.

म्हणून होतं काय? ज्याच्या घरच्यांना जमतं, ते पोराला चौदा-पंधराव्या वर्षी नागपूरला ठेवतात. ज्यांना जमत नाही, त्यांचा पोरगा गावच्या टीमचा हिरो राहतो. आजच्या टीमकडे बघा: मालेवार, राठोड, वाडकर, दुबे, सगळे नागपुरात वाढलेले. अकोल्याचा तायडे, वर्ध्याचा नळकांडे हे अपवाद. अकरा जिल्ह्यांच्या टीमसाठी ही संख्या कमीच म्हणायची.

फलंदाज आणि फिरकीपटू नागपूरच्या क्लबांमधून येत राहतील. वेगवान गोलंदाजाचं तसं नसतं. भारतात जलद गोलंदाज बरेचदा क्रिकेटच्या मुख्य शहरांबाहेरूनच आलेत. उमेश यादव खाण कामगाराचा मुलगा, खापरखेड्याच्या बाजूचा, आणि लेदर बॉल हातात यायलाही त्याला उशीर झाला. म्हणजे विदर्भाला आज जी गोष्ट सगळ्यात जास्त हवी आहे, ती मिळण्याची शक्यता जिथे आहे, तिथेच टर्फची विकेट नाही.

नळकांडेचं पुढे काय?

नळकांडे ४ ऑक्टोबर २०२५ ला २७ वर्षांचा झाला. त्याचं नाव देशभर पहिल्यांदा गाजलं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात. कर्नाटकविरुद्ध डावाच्या शेवटच्या षटकात त्यानं लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. तरीही विदर्भ तो सामना चार धावांनी हरला. पुढच्या वर्षी गुजरात टायटन्सकडून त्याचं आयपीएल पदार्पण झालं, पण तिथे जम बसेल एवढी संधी मिळाली नाही.

केरळविरुद्धच्या फायनलमध्ये पहिल्या डावात त्याचे तीन बळी होते. दुबेचे तीन, रेखडेचे तीन आणि याचे तीन. ३७ धावांच्या आघाडीत ते तीन बळी किती मोलाचे होते, हे वेगळं सांगायला नको. एका सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजी, नव्या चेंडूनं गोलंदाजी आणि शेवटी नाबाद अर्धशतक, एवढी कामं एकाच माणसाकडून करून घ्यावी लागतात, यातून त्याची उपयुक्तता दिसते. टीमची गरजही दिसते.

नव्या मोसमात विदर्भाला त्याच्याकडून हवंय ते वेगळं. नागपूरबाहेरच्या मैदानांवर, फिरकी चालत नसेल त्या दिवशी, पहिल्या सत्रात दोन-तीन गडी. २७ हे वेगवान गोलंदाजासाठी बहराचं वय असतं. आणि त्याच्यामागे वर्ध्याहून वयोगटाच्या टीममध्ये कोण येतंय, हे कूचबिहार आणि नायडू करंडकाच्या संघयाद्या लागतील तेव्हा दिसेलच. त्या यादीत नावापुढे जिल्हा लिहिलेला नसतो, तो शोधावा लागतो.